टेर्झान ५ मधला आज्ञाधारक तारा

१३ ऑक्टोबर २०१० रोजी नासाचा ‘आरएक्सटीई’ हा क्ष-किरण उपग्रह धनू राशीतल्या एका नव्या स्रोताकडे टक लावून बसला होता. निरीक्षण चालू असतानाच स्रोत दिसेनासा झाला. द्वैती ताऱ्यांत असं घडतं. जोडीदार मध्ये आला की ग्रहण लागतं, ग्रहणावरून कक्षेचा कल कळतो, म्हणून संशोधक अशा घटनेची वाटच बघत असतात. या वेळी आड आला होता तो मात्र आपलाच चंद्र. त्याचाही पुढे उपयोग झालाच. चंद्राच्या कडेमागे स्रोत नेमका केव्हा लपला आणि केव्हा बाहेर आला, यावरून त्याची आकाशातली जागा अधिक अचूक ठरवता आली.

स्रोताचं अधिकृत नाव आयजीआर जे१७४८०-२४४६. रोजच्या बोलण्यात टी५एक्स२, म्हणजे टेर्झान ५ या बंदिस्त तारकागुच्छातला दुसरा तेजस्वी क्ष-किरण स्रोत. १० ऑक्टोबरला युरोपच्या ‘इंटिग्रल’ उपग्रहाने तो पहिल्यांदा टिपला, तेव्हा सर्वांना वाटलं की त्याच गुच्छातला ईएक्सओ १७४५-२४८ हा जुना ओळखीचा स्रोत पुन्हा जागा झाला. गुच्छाच्या गाभ्यात तारे इतके दाटीवाटीने आहेत की साध्या क्ष-किरण उपग्रहाला शेजारी-शेजारी वेगळे करता येत नाहीत. ‘चंद्रा’ दुर्बिणीच्या तीक्ष्ण नजरेने काही दिवसांत निकाल लावला: हा दुसराच कोणीतरी.

दरम्यान आरएक्सटीईच्या नोंदींत सेकंदाला ११ ठोके सापडले होते. म्हणजे हा न्यूट्रॉन तारा (मोठा तारा कोसळून उरलेला अतिघन गोळा) स्वतःभोवती सेकंदाला ११ वेळा फिरतो. जोडीदाराभोवतीची फेरी २१.३ तासांची, आणि जोडीदाराचं वस्तुमान सूर्याच्या निदान ०.४ पट. हा ११चा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं प्रकरण त्याच्याभोवतीच फिरतं. स्फोट करणाऱ्या ज्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा परिवलनवेग माहीत आहे, ते बहुतेक सगळे सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात. ४यू १६०८-५२ तर ६२०. त्यांच्या घोळक्यात ११ म्हणजे अगदीच संथ.

स्फोट कशाचा होतो

इथे एक शब्दांचा गोंधळ आधीच मिटवतो. ‘उद्रेक’ म्हणजे जोडीदाराकडून वस्तू (द्रव्य) ओतली जाण्याचा आठवडे-महिने चालणारा काळ. ‘स्फोट’ म्हणजे त्या काळात पृष्ठभागावर काही सेकंद ते मिनिटभर होणारा भडका. टी५एक्स२चा उद्रेक एकच, सुमारे ११ आठवड्यांचा. त्यातले स्फोट शेकड्यांनी मोजावे लागले.

जोडीदाराकडून येणारा हायड्रोजन आणि हेलियम न्यूट्रॉन ताऱ्यावर आदळतो तेव्हा दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) सुमारे २०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा निव्वळ गुरुत्वाकर्षणातून सुटते. हा झाला कायमचा उजेड. मग ते इंधन पृष्ठभागावर साठतं, वरच्या थरांच्या वजनाने दाबलं जातं, तापतं आणि पेटतं. या अणुकेंद्रीय जळण्यातून मिळतात जेमतेम दीड ते पाच मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. निव्वळ हेलियम असेल तर कमी, हायड्रोजन भरपूर असेल तर जास्त. म्हणजे ही ऊर्जा पडण्याच्या ऊर्जेपुढे चिल्लर आहे. ती सावकाश सुटली असती तर कुणाच्या लक्षातही आली नसती. तासन् तास साठलेली एकदम सुटते, म्हणून दिसते. दोन स्फोटांमधला कायमचा उजेड आणि एका स्फोटाची ऊर्जा यांचं गुणोत्तर काढलं की ते सुमारे ४० ते शंभराहून थोडं जास्त येतं, आणि ते तसं आलं की जळणं अणुकेंद्रीयच आहे याची खूण पटते.

एकदम का सुटते? तीन हेलियम केंद्रकं मिळून कार्बन होण्याची क्रिया तापमानाला विलक्षण हळवी आहे. दहा कोटी केल्विनच्या आसपास तिचा वेग तापमानाच्या साधारण चाळिसाव्या घाताप्रमाणे वाढतो. थर थंड होण्याचा वेग मात्र चौथ्याच घाताप्रमाणे. तापमान किंचित वाढलं की थंडावा मागे पडतो आणि भडका उडतो. पण हाच थर पन्नास कोटी केल्विनला गेला की तो चाळिसावा घात उतरत उतरत सहाच्या घरात येतो. आता थंडावा जवळपास बरोबरीला आला. यापुढे इंधन जसं येईल तसं शांतपणे जळत राहील आणि स्फोट होणारच नाहीत.

यातून सरळ भाकीत निघतं, आणि ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुस्तकांत आहे. वस्तू ओतण्याचा वेग वाढवत न्या. थर लवकर भरेल, स्फोट अधिकाधिक जवळ येतील, लहान होत जातील, आणि वेग एडिंग्टन मर्यादेच्या आसपास पोचला की एकमेकांत विरघळून जातील. एडिंग्टन मर्यादा म्हणजे ज्या तेजाला प्रकाशाचा दाब येणाऱ्या वस्तूला मागे लोटू लागतो ती सीमा. पावसाचा जोर वाढला की पागोळ्यांचे सुटे थेंब जवळ येत शेवटी धार लागते, तसं काहीसं.

अडचण एवढीच होती की आकाशातले तारे हे मानत नव्हते. ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने नऊ ताऱ्यांची वर्षानुवर्षं पाहणी केली तेव्हा दिसलं की स्फोटांचा वेग आधी वाढतो, पण एडिंग्टनच्या दहाव्या हिश्श्याच्या सुमारास गडगडतो. इंधन जास्त येतंय आणि स्फोट कमी होतायत. म्हणजे काही इंधन गुपचूप, स्फोटाशिवाय जळतंय, आणि तेही सिद्धांत सांगतो त्याच्या कितीतरी आधी. तीस वर्षं हा प्रश्न असाच पडून होता. प्रत्येक नव्या ताऱ्याने जुन्यांचीच री ओढली.

३७ दिवसांची नोंद

१३ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर २०१०. त्यानंतर सूर्य त्या दिशेला सरकल्यामुळे आरएक्सटीईला तिकडे बघणंच शक्य नव्हतं. एवढ्या काळात मानुएल लिनारेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९८ स्फोट मोजले.

सुरुवातीला दोन स्फोटांत २६ मिनिटांपर्यंतचं अंतर होतं आणि स्फोट ठसठशीत होते. मग तेज चढू लागलं, एडिंग्टनच्या दहाव्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. तसतसं अंतर घटत गेलं आणि पार ३.३ मिनिटांवर आलं. तासाला जवळपास वीस स्फोट. उंचीही घटत गेली. स्फोट आहे की नुसता उंचवटा, असा प्रश्न पडावा इतके ते बसके झाले. १८ ऑक्टोबरला तेज शिगेला पोचलं तेव्हा सुटे स्फोट उरलेच नव्हते. त्यांच्या जागी होता सुमारे चार मिलिहर्ट्झचा, म्हणजे साधारण चार मिनिटांत एक असा, मंद हेलकावा. पुढे उद्रेक ओसरू लागला आणि सगळी फीत उलटी फिरली. हेलकाव्यांतून पुन्हा उंचवटे वर आले, उंचवट्यांचे स्फोट झाले, स्फोटांमधली अंतरं वाढत गेली.

हे हेलकावे नवे नव्हते. २००१ साली मिखाईल रेव्हनिव्हत्सेव आणि सहकाऱ्यांनी तीन ताऱ्यांत, सात ते नऊ मिलिहर्ट्झच्या आसपास, ते पाहिले होते. २००७ साली हेगर, कमिंग आणि वूस्ली यांनी त्यांचा अर्थ लावला: जळणं स्फोटक आणि स्थिर यांच्या बरोबर काठावर असलं की थर ना धड भडकतो ना धड शांत राहतो, डोलत राहतो. डोलण्याचा काळ दोन काळांच्या मध्ये पडतो. एक, थर थंड व्हायला लागणारा काळ, सुमारे १० सेकंद. दुसरा, थर भरायला लागणारा काळ, सुमारे १००० सेकंद. दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ १०० सेकंद, म्हणजे दीड-दोन मिनिटं. निरीक्षणाशी हे सुरेख जुळत होतं. पण स्फोट हळूहळू हेलकावा होताना आणि हेलकाव्याचा पुन्हा स्फोट होताना कुणी पाहिलं नव्हतं. टी५एक्स२ने तो सगळा प्रवास एका बैठकीत दाखवला. शिवाय तो एडिंग्टनच्या निम्म्यावर दाखवला, जिथे इतर ताऱ्यांचे हेलकावे कधीच संपलेले असतात. सिद्धांताच्या आकड्याच्या इतक्या जवळ दुसरं कुणी आलं नव्हतं.

म्हणून मला या ताऱ्याला ‘विचित्र’ म्हणणं थोडं गमतीचं वाटतं. पुस्तकातल्यासारखा वागला, हाच त्याचा विचित्रपणा.

हे स्फोट अणुकेंद्रीय आहेत का, हीच आधी शंका

पहिल्या काही आठवड्यांत हे इतकं उघड नव्हतं. न्यूट्रॉन ताऱ्यांवर दुसऱ्या प्रकारचेही भडके होतात. त्यांत जळण्याचा संबंध नसतो. ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीत अडकलेली वस्तू हप्त्याहप्त्याने कोसळते. १९७६ साली सापडलेला ‘रॅपिड बर्स्टर’ आणि १९९५ च्या अखेरीस सापडलेला जीआरओ जे१७४४-२८ ही त्याची गाजलेली उदाहरणं. दर तीन-चार मिनिटांनी, नेमाने, लहान लहान भडके देणारा संथ स्पंदक पाहिल्यावर कुणालाही आधी हेच दोघे आठवणार.

शंकेला ठोस आधारही होता. अणुकेंद्रीय स्फोटाची ओळख म्हणजे उतरणीला थंड होत जाणारा वर्णपट: आधी पृष्ठभाग तापतो, मग निवतो. टी५एक्स२च्या बहुतेक स्फोटांत ही निवण्याची खूण सापडत नव्हती. १३ ऑक्टोबरच्या तेजस्वी स्फोटात होती, पण नंतरच्या शेकड्यांत नव्हती.

सुटका केली ती सलगतेने. निवणारे मोठे स्फोट आणि न निवणारे छोटे स्फोट यांच्यात कुठेही तुटकपणा नव्हता. एकातून दुसरा इतका सहज घडत गेला की मध्येच कुठेतरी कारण बदललं असं म्हणायला जागाच राहिली नाही. निवणं का दिसेना, याचंही साधं उत्तर होतं. कायमचा उजेड इतका प्रखर झाला होता की त्यावर बसलेल्या छोट्या उंचवट्याचा वर्णपट वेगळा काढणंच अवघड होतं. ऊर्जेचं गुणोत्तरही अणुकेंद्रीय जळण्याच्या हद्दीतच राहिलं. सारा मोत्ता आणि सहकारी, मनोनीता चक्रवर्ती आणि सुदीप भट्टाचार्य, लिनारेसचा गट, सगळे वेगवेगळ्या वाटांनी याच निष्कर्षाला आले.

आज्ञाधारक, पण किती?

इथवरची गोष्ट गोड आहे. हिशेब नीट मांडला की कडवटपणा येतो.

लिनारेसच्या नोंदींत स्फोटांमधलं अंतर तेजाच्या जवळजवळ तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतं. दर सगळ्या टप्प्यांत एकसारखा नाही (चार वेगळे टप्पे त्यांनी ओळखले), पण एकूण उतार फार तीव्र आहे. प्रत्येक स्फोटाला तेवढंच इंधन लागत असतं तर तेज दुप्पट झाल्यावर अंतर निम्मं व्हायला हवं होतं. तिसऱ्या घाताने ते आठव्या हिश्श्यावर येतं. इंधन दुप्पट वेगाने येतंय आणि वेळ मिळतोय आठवा हिस्सा, म्हणजे प्रत्येक स्फोटात जळतंय आधीच्या फक्त चौथा हिस्सा. एवढ्याशा इंधनाने थर पेटतो, याचा अर्थ तो आधीच कमालीचा तापलेला असणार.

किती थोडं इंधन, याचा ढोबळ अंदाज कुणालाही काढता येईल. एडिंग्टन वेगाने सेकंदाला साधारण १०^१८ ग्रॅम वस्तू पडते. त्याच्या ०.३ पट वेगाने ४०० सेकंदांत १.२ × १०^२० ग्रॅम. दहा किलोमीटर त्रिज्येच्या ताऱ्याचं पृष्ठफळ सुमारे १.२६ × १०^१३ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरवर एक कोटी ग्रॅम. नेहमीच्या स्फोटाआधी साठलेला थर याच्या दसपट, सुमारे दहा कोटी ग्रॅमचा असतो. सिद्धांताने या तेजाला अधिक मोठे आणि अधिक विरळ स्फोट सांगितले होते. म्हणजे ताऱ्याने दिशा पाळली, आकडे पाळले नाहीत.

दुसरी खोच हायड्रोजनची. स्फोटांच्या बदलत्या रूपावरून दिसलं की एडिंग्टनच्या ०.३ पटीखाली हेलियमच पेटतो आणि वर हायड्रोजन-हेलियमचं मिश्रण. असं स्थित्यंतर सिद्धांतात आहे, पण फार खालच्या वेगाला. नुसता हेलियम उरायचा तर हायड्रोजन आधी संपायला हवा, आणि सूर्यासारख्या घडणीच्या इंधनात तो कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्राने संपायला सुमारे ११ तास लागतात. इथे दोन स्फोटांमध्ये अर्धा तासही नाही. हे कोडं मला ३९८ स्फोटांच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. या ताऱ्याच्या लोकप्रिय वर्णनांत ते सहसा येत नाही, कारण त्याने ‘सिद्धांत खरा ठरला’ या मथळ्याची लय बिघडते.

तर थराला वरची उष्णता कुठून मिळते? अनपेक्षित साक्ष आली उद्रेक संपल्यावर. नथाली डेगेनार आणि सहकाऱ्यांकडे चंद्रा दुर्बिणीच्या २००३ आणि २००९ च्या जुन्या प्रतिमा होत्या. उद्रेकापूर्वी निजलेला हा तारा त्यांत अंधुक दिसतो. उद्रेक शमल्यानंतर सुमारे ५० दिवसांनी पुन्हा मोजलं तेव्हा तारा पूर्वीपेक्षा स्पष्टपणे गरम होता आणि नंतरच्या मोजण्यांत निवत गेला. त्याचं कवच तापलं होतं. आश्चर्य हे की याआधी असं तापलेलं कवच दिसलं होतं ते प्रदीर्घ उद्रेकांनंतर. केएस १७३१-२६० सुमारे साडेबारा वर्षं धगधगत होता. इथे केवळ ११ आठवड्यांत तेवढा ताप चढला होता. तो समजावून सांगायला कवचाच्या उथळ भागात दर न्यूक्लिऑनमागे सुमारे एक मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट जादा उष्णता धरावी लागली. तिचा उगम कोणत्या क्रियेत आहे, हे ठरलेलं नाही. पण एका बाजूने स्फोट आणि दुसऱ्या बाजूने निवणारं कवच, दोघेही त्याच न सापडलेल्या शेगडीकडे बोट दाखवतात. वर्षानुवर्षांनंतरही तारा उद्रेकापूर्वीच्या तापमानाला पुरता परतला नव्हता.

आरोपी: गिरकी

मूळ प्रश्न उरतोच. हा तारा दिशा पाळतो आणि बाकीचे का नाहीत?

ठळक फरक दोन: संथ परिवलन, आणि स्फोट करणाऱ्या इतर बहुतेक ताऱ्यांपेक्षा बळकट असू शकणारं चुंबकीय क्षेत्र. लिनारेसच्या गटाने दोन्हींचा विचार केला आहे. मला पहिला मुद्दा जास्त पटतो. शेकडो हर्ट्झने फिरणाऱ्या ताऱ्यावर वरचे थर आणि खालचे थर यांच्या वेगांत तफावत राहते, त्यातून घुसळण होते आणि ताजं इंधन वेळेआधीच खोल, गरम भागात जातं. तिथे ते गाजावाजा न करता जळतं. स्फोटासाठी साठा कमी उरतो आणि स्थिर जळण्याची सीमा खाली येते. केक, लँगर आणि इन ’ट झांड यांनी २००९ साली, हा तारा सापडायच्या आधीच, गणिताने असंच काहीसं दाखवलं होतं. ११ हर्ट्झला ही घुसळण क्षीण राहणार, म्हणून तारा साध्या, परिवलन न धरणाऱ्या गणिताप्रमाणे चालतो.

चुंबकीय क्षेत्राचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. स्फोटांच्या काळातही ११ हर्ट्झचे ठोके दिसतात, आणि ते कायमच्या उजेडातल्या ठोक्यांशी पावलाला पाऊल लावून चालतात. म्हणजे जिथे वस्तू पडते त्याच जागी ज्वलनही जास्त तेजस्वी आहे. वेगवान ताऱ्यांवर ज्योत एका जागी रोखून धरण्याचं काम कोरिऑलिस बल (गिरकीमुळे वाहत्या वस्तूला वळवणारं बल) करू शकतं. इथे गिरकी इतकी संथ की ते बल अपुरं पडतं. युरी कावेक्की आणि सहकाऱ्यांनी त्यामुळे चुंबकीय कुंपणाकडे बोट दाखवलं. त्यासाठी निदान १०^९ गॉसचं क्षेत्र पुरेल. पण इंधन खरंच लहान जागेत कोंडलेलं असेल तर माझा वरचा दर चौरस सेंटिमीटरचा हिशेब कोलमडतो. पृष्ठभाग कमी धरला की थर जाड निघतो आणि ‘फार थोडं इंधन’ ही तक्रार बरीच सौम्य होते. मात्र तेवढ्याच प्रमाणात त्या जागेवरचा ओतण्याचा वेगही वाढतो, आणि मग इतक्या वेगाला स्फोट थांबले कसे नाहीत, हा नवा प्रश्न दारात उभा.

गिरकीच्या बाजूने एक आडवळणाचा साक्षीदार आहे, तोच रॅपिड बर्स्टर. दुसऱ्या प्रकारच्या भडक्यांबरोबर तो अणुकेंद्रीय स्फोटही करतो. तुलियो बान्योली आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ते वेगळे काढून पाहिले, तर तेज वाढेल तशी त्यांच्यातली अंतरंही घटत जातात, अगदी वरपर्यंत. टी५एक्स२चा भाऊच. त्याचा परिवलनवेग अजून खात्रीने मोजता आलेला नाही. लेखकांनी स्फोटांवरूनच तो संथ असावा असा कयास बांधला.

टी५एक्स२ संथ आहे तो मात्र कायमचा नाही. पडणारी वस्तू त्याला ढकलत असते. आरएक्सटीई पाहत होता तेवढ्या काळात परिवलन वाढलं ते हर्ट्झच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी. अलेस्सांद्रो पात्रुनो आणि सहकाऱ्यांचा अंदाज असा की जोडीदाराकडून वस्तू ओढायला या ताऱ्याने काही कोटी वर्षांपूर्वीच सुरुवात केली. ही मिलिसेकंद स्पंदक (सेकंदाला शेकडो गिरक्या घेत ठोके देणारा तारा) होण्याची पहिली पायरी. गिरकी शेकडो हर्ट्झवर गेली, आणि दोष खरोखर गिरकीचाच असला, तर याचेही स्फोट एडिंग्टनच्या दहाव्या हिश्श्यावरच विरळ होऊ लागतील, इतरांसारखे.